झेंड्यावरची माशी

नाही म्हणायची वेळ आली की टेलरमास्तरांची जीभ टाळ्याला चिकटायची. (एरवी तीच जीभ कातरीसारखी चालायची, ती गोष्ट वेगळी.) म्हणून स्टेडियमचे मॅनेजर सकाळी घामाघूम होऊन दुकानात शिरले आणि "दुपारी तीनपर्यंत एका देशाचा झेंडा शिवून द्याल का?" म्हणाले, तेव्हा मास्तरांनी विचारलं, "एकच?"

शहरात आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा भरली होती. चार वाजता वेल्दोरा विरुद्ध कास्मीन असा सामना होता आणि वेल्दोराचा झेंडा आदल्या दिवशीच्या वाऱ्यात टरकन फाटला होता. मॅनेजरनी झेंड्याचं रंगीत चित्र काउंटरवर उपडं आपटलं, "तसूभरही फरक नको, ती माणसं फार मानी आहेत," असं बजावलं आणि आले तसे पळाले.

मास्तरांनी चित्र उलटलं. हिरवे-पांढरे आडवे पट्टे आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर, जरा डावीकडे, एक काळा कीटक.

"माशी आहे ती," काजं करता करता त्यांची बायको म्हणाली. गल्लीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत.

"मधमाशी! त्यांचा राष्ट्रीय कीटक असणार. कष्टाळू देश दिसतोय."

"मधमाशी अशी पाय वर करून पडते?"

"असेल त्यांच्याकडे पद्धत."

"अहो, मी काय म्हणते, ती मेलेली..."

"परक्या देशाच्या चिन्हाबद्दल असं अभद्र बोलू नये!"

(बावीस वर्षांच्या संसारात मास्तरांनी बायकोचं एकदाच ऐकलं होतं, तेही रेडिओ बिघडला होता म्हणून.)

चित्र वीतभर आणि झेंडा नऊ फुटी. प्रमाणात वाढवल्यावर माशी कबुतराएवढी झाली. अंगाला काळं सॅटिन, पंखांना जाळीचं कापड, आणि सहाच्या सहा पायांना दुहेरी टीप. दोन वाजता शेवटचा पाय संपला. "इस्त्री करून देऊन टाक, मी जरा पाठ टेकतो," म्हणून मास्तर आडवे झाले ते घोरूच लागले.

जाग आली तेव्हा साडेतीन वाजले होते. झेंडा स्टेडियमच्या गाडीतून गेला होता आणि मास्तरीणबाई शेजारी टीव्हीवर सामना बघायला गेल्या होत्या. एवढं मोठं काम केलं, तर ते चित्र फ्रेम करून दुकानात लावावं, असं मास्तरांच्या मनात आलं. त्यांनी कागद उचलून धूळ जावी म्हणून फुंकर मारली. राष्ट्रीय कीटक कागदावरून उडाला आणि उरलेल्या चहात पडला.

मास्तर कपाकडे बघतच राहिले. अकरा धट्टेकट्टे खेळाडू छातीवर हात ठेवून एका मेलेल्या माशीला मानवंदना देताहेत, असं चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. आता युद्ध पेटणार! आणि कशावरून, तर त्यांच्या दुहेरी टिपेवरून! बायकोला सांगावं का? छे, त्यापेक्षा युद्ध परवडलं. त्यांनी छोटी कातर खिशात टाकली, चष्मा मशिनवर विसरला आणि धूम ठोकली.

फाटकावर कातर जप्त झाली. मैदानाच्या कडेला मॅनेजर सापडले.

"साहेब, झेंडा खाली घ्या! त्याच्यावर माशी आहे!"

"उडून जाईल हो, मास्तर."

"नाही उडणार, मेलेली आहे!"

"मग पडेल."

"पडायची नाही, साहेब. मी स्वतः शिवलीय!"

मॅनेजरनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि दोन रखवालदारांना खूण केली.

इतक्यात बँड सुरू झाला. दंडाला धरलेल्या अवस्थेत मास्तरांनी जवळच्या खांबाकडे मान वर केली. वारा आला, झेंडा उलगडला. मास्तरांनी डोळे बारीक केले. हिरवं दिसलं, पांढरं दिसलं, माशी कुठेच नाही! त्यांचा बांध फुटला. ते लहान मुलासारखे हमसून हमसून रडले.

संध्याकाळी छाती काढून घरी आले, तर बायको दारातच उभी.

"टीव्हीवर दिसलात."

"मी?"

"दोन रखवालदारांच्या मध्ये, झेंड्याकडे बघून धाय मोकलून रडताना. निवेदक म्हणाला, 'देशप्रेम बघायचं असेल तर या गृहस्थांकडे बघा!'"

मग मास्तरांना कबूल करावंच लागलं. "अगं, माशीच होती ती. पण चमत्कार झाला! झेंड्यावर नव्हतीच."

"चमत्कार कसला? इस्त्रीआधी मी बसून उसवली. बोटांची चाळण झाली. दुहेरी टीप घालायची काय गरज होती?"

"मग मला उठवून सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर दुसरी शिवली असतीत."

मास्तर उसनं अवसान आणून म्हणाले, "जाऊ दे. वेल्दोराच्या लोकांना तरी बरं वाटलं असेल, त्यांच्या झेंड्यासाठी कुणीतरी रडलं म्हणून."

"तो वेल्दोराचा नव्हताच. तुम्ही रडलात तो कास्मीनचा. रंग तेच, पण त्यांचे पट्टे उभे असतात," मास्तरीणबाईंनी सुईत दोरा ओवत सांगितलं. "तीस वर्षं शिवताय, अजून आडवं-उभं कळत नाही!"