तबकडीची दुसरी बाजू

सकाळी धुतलेली ग्रामोफोनची तबकडी सुईकाकांनी खिडकीत उन्हाला ठेवली आणि ते दाढी करायला गेले. परत आले तेव्हा तबकडीची परात झाली होती.

घड्याळदुरुस्तीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांच्या खिशात फोनोच्या सुयांची डबी कायम असे, म्हणून सगळे त्यांना सुईकाका म्हणत. जुन्या व्हायोलिनवादनाच्या तबकड्या ऐकणारं त्यांचं एक मंडळ होतं. वर्षातून एकदा अध्यक्ष घरोघरी जाऊन प्रत्येकाची सर्वोत्तम तबकडी ऐकत आणि एकाला फिरती ढाल देत. ढाल सगळीकडे फिरली, सुईकाकांकडे कधी आली नाही. तिच्यासाठी ठोकलेल्या खिळ्याला काकू बाजाराची पिशवी अडकवत. यंदा मात्र त्यांना अशी तबकडी मिळाली होती की वादकाचं बोट तारेवर सरकलेलंही ऐकू यावं. अध्यक्ष आज यायचे होते.

"वाकलेलं इस्त्रीनं सरळ होतं," म्हणत सुईकाकांनी तबकडीवर टॉवेल घालून इस्त्री फिरवली. टॉवेल चिकटला. तो ओढून काढला आणि तबकडी सपाट व्हावी म्हणून तिच्यावर उशी ठेवून ते स्वतः वर बसले. कट्कन आवाज आला. कानाचा पक्का माणूस, त्यांना उठून पाहावं लागलं नाही.

"अध्यक्षांना खरं सांगून टाका," काकू म्हणाल्या.

"ढाल गेली चुलीत गं. ते वादनच गेलं. आता ते कुणाला ऐकायला मिळायचं नाही."

तेवढ्यात कोठीच्या खोलीतून सून बाहेर आली. ती व्हायोलिन वाजवी, पण दार लावून. हल्लीच्या लोकांच्या हातात जीव नाही, हे सासऱ्यांचं मत तिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळालं होतं.

"बाबा, ती तबकडी मला पाठ आहे," ती म्हणाली. "रोज भिंतीपलीकडून ऐकते. सुई अडकते ती जागासुद्धा."

बुडत्याला काडीचा आधार. शिवाय मंडळाचा एक नियम होता. तबकडी ऐकताना भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसायचं. डोळे उघडे असले की कान आळशी होतात.

"अगं पण खरखर?" सुईकाकांनी विचारलं.

काकू ताट आणि तांदूळ घेऊन आल्या.

अध्यक्ष कानाचे डॉक्टर होते, त्यामुळे त्यांच्या कानांवर कुणी शंका घेत नसे. ते भिंतीकडे तोंड करून बसले. सून फोनोच्या कर्ण्यामागे उभी राहिली, काकूंनी ताटात तांदूळ हळूहळू फिरवायला घेतले आणि व्हायोलिनचा गज तारेवर टेकला. अडकायच्या जागी सुनेनं तेच सूर पुन्हा पुन्हा वाजवले, तेव्हा सुईकाका सवयीनं धावत जाऊन रिकाम्या फोनोला टिचकी मारून आले.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "आता दुसरी बाजू लावा."

दुसऱ्या बाजूला चरे होते, ती या घरात कधी वाजलीच नव्हती. सुनेनं सासूकडे पाहिलं आणि ती स्वतःचंच काही वाजवू लागली. काकूंचा हात ताटावरच थबकला. सुईकाकांना आधी भीती वाटली, मग लाज वाटली, आणि मग दोन्ही विसरून ते नुसते ऐकत राहिले.

वादन संपलं. अध्यक्ष भिंतीशीच बोलले, "सुईकाका, ही बाजू मघाशीच संपायला हवी होती. एवढा वेळ कुठली तबकडी चालते?"

"तबकडी सकाळीच मोडली, डॉक्टर. मीच मोडली. हे माझ्या सुनेनं वाजवलं." कबुली देताना आपली छाती फुगली आहे, हे सुईकाकांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"खरखर थांबली तेव्हाच ओळखलं मी. पण नियम माझाच, डोळे कसे उघडणार? आणि उघडले असते तर पोरगी थांबली असती."

"म्हणजे ढाल गेलीच," काकू म्हणाल्या.

"ढाल तबकडीलाच मिळते," म्हणत अध्यक्षांनी वळून पिशवीतून ढाल काढली. "ही ठेवून जातो. पोरीची तबकडी सवडीनं काढा. दुसरी बाजू मात्र हीच हवी."

सुईकाकांनी दिवाणखान्यातला खिळा उपटला आणि कोठीच्या खोलीत नेऊन ठोकला.

"बाबा, ढाल बाहेर लावा ना. लोकांना दिसेल तरी."

"दिसेल. उद्यापासून हे दार उघडं राहणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुईकाका त्या उघड्या दाराबाहेर खुर्ची टाकून, भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसले. सून एकच जागा पुन्हा पुन्हा वाजवू लागली की तेवढे सवयीनं सुई सरकवायला उठत.