चार बोटं सरकलेली छत्री

उत्तमरावांनी ठरवलं ते एवढंच, की शेजारच्या वामनरावांच्या गच्चीवरची टीव्हीची छत्री चार बोटं बाजूला सरकवायची. जास्त नाही. चार बोटं.

कारणही तसंच होतं. त्या दिवशी साडेसहाला सरकारी चॅनेलवर शेतीच्या कार्यक्रमात उत्तमराव स्वतः दिसणार होते. महिन्यापूर्वी टीव्हीवाले पिंपळगाव राजाला येऊन त्यांच्या भरताच्या वांग्यांचं शूटिंग करून गेले होते. उत्तमरावांनी निम्म्या गावाला आवतण दिलं. पुढच्या खोलीत सतरंज्या पडल्या. चित्र स्वच्छ होतं, पण आज त्यांना ते आणखी स्वच्छ हवं होतं.

गावात घरोघरी छत्र्या आल्या, उत्तमरावांकडे मात्र अँटेना. पस्तीस वर्षांपूर्वी नांदुऱ्याहून सायकलला आडवा बांधून आणलेला. (वाटेत तीन माणसांना त्याच्या काड्या लागल्या. त्यांतले एक पुढे त्यांचे व्याही झाले.) छत्री म्हणजे आभाळापुढं धरलेला कटोरा, असं त्यांचं मत होतं, आणि ते कुणाला विचारावं लागत नसे.

रोज संध्याकाळी ते गच्चीवर चढत, अँटेना इंचभर फिरवत आणि खाली ओरडत, "आलं काव?"

खालून वच्छलाबाई ओरडत, "आलं जी! साफ आलं!"

उत्तमराव समाधानानं उतरत. संसार असा सुरळीत चालला होता.

त्या दिवशीही अँटेना फिरवला. आलं. साफ आलं. पण फिरवताना त्यांच्या ध्यानात आलं, की वामनरावांची छत्री नेमकी अँटेनाच्या वाटेत येते. गच्च्या लागूनच. त्यांनी कठडा ओलांडला आणि छत्रीला दोन्ही हातांनी रेटा दिला. गंजलेला बोल्ट कटकन तुटला.

"आलं काव?"

खालून वच्छलाबाईंचा आवाज, "गेलं ना जी!"

हा शब्द उत्तमरावांनी सहा वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी अँटेना उलटा फिरवला, सुलटा फिरवला. गेलं ते गेलंच.

आवाज ऐकून वामनराव वर आले. चुलतभाऊ, वयानं दोन वर्षं मोठे.

"छत्री काऊन हलवली बे, उत्तम?"

"तुही छत्री माहं चित्र अडवून राह्यली."

"माही?" वामनराव कठड्यावर टेकले. "माही तं मांगच्या भितीवर हाय. हे तुही हाय."

"माही?"

"सहा वर्स झाले. टीव्हीचा टॉवर बंद पडला तवा तुह्या गोपालनं बसवली. तुह्या गच्चीवर बसवली असती तं तू पोराले छत्रीसकट खाली फेकलं असतं."

"अन् वायर?"

"मांगच्या खिडकीतून. टीव्हीखालच्या डब्यात."

"तो तं स्टॅबिलायझर हाय!"

"कोनं सांगतलं?"

"गोपालनं."

वामनरावांनी फक्त अँटेनाच्या वायरीकडे बोट केलं. वायर भिंतीवरून उतरून न्हाणीपाशी गेली होती, तिथं खुंटीला गाठ मारली होती आणि तिच्यावर उत्तमरावांचंच धोतर वाळत होतं.

उत्तमराव कठड्याशी आले. "गोपालची माय! सहा वर्स खोटं बोलली?"

"आलं म्हनल्याबिगर तुमी उतरतच नव्हते जी! चहा थंडा होये!"

साडेसहाला दहा मिनिटं उरली होती. मेकॅनिक नांदुऱ्याला. खाली निम्मं गाव. उत्तमरावांनी दात आवळले आणि तो कटोरा दोन्ही हातांत धरला.

"आलं काव?"

"नाही जी!"

"आता?"

"मुंग्या बी नाही!"

डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. घाम नाकावरून गळू लागला. शेवटी खालून एकच गलका उठला, "आलं जी! देवाशपथ आलं! खरंच आलं!"

उत्तमरावांनी हात सोडला.

"गेलं!"

धरली.

"आलं!"

बोल्ट तर तुटलेला. मग काय, उत्तमराव छत्री छातीशी धरून खांबासारखे उभे राहिले. श्वाससुद्धा बेतानं. आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर यायचे होते आणि सगळ्या गावात तेवढे एकटेच पाहू शकत नव्हते.

खिडकीतून त्यांचाच आवाज वर आला. भारदस्त होता. उत्तमरावांची मान ताठ झाली. वांगी दोन मिनिटांत आटोपली. मग टीव्हीवाल्या बाईनं विचारलं, "काका, एवढी माहिती मिळवता कुठून?"

"टीव्हीवरून," खालचे उत्तमराव म्हणाले. "आपला अँटेनावाला. छत्री-बित्री आपल्याकडं चालत नाही. छत्रीचं कसं हाय बाई, मानसाले उन्हातान्हात धरून उभं राहा लागते."

खाली जे हसू फुटलं त्यानं गच्चीचा स्लॅब हादरला. वामनराव पोट धरून खालीच बसले.

"आवाज कमी कर!" उत्तमराव ओरडले.

"काय म्हनता जी?"

"आवाज! आवाज!"

"हाव जी!" वच्छलाबाईंनी आनंदानं सांगितलं. "आवाज बी आला! साफ आला!"