दोन किलो आठशे

शर्यतीच्या आदल्या दिवशी विलासभाऊ नखं कापायचे. हातांची, पायांची, वीसच्या वीस. मग ती वर्तमानपत्राच्या तुकड्यावर गोळा करून आमच्या दाराशी यायचे आणि म्हणायचे, "बगा ताई, एवढं वजन घेऊन फिरायलो होतो मी."

त्यांचं पूर्ण नाव विलास डोईफोडे. लातूरकडचे. आम्ही मोशीत राहतो. घरमालक आण्णांनी आपल्या शेताच्या तुकड्यावर पत्र्याच्या दहा खोल्या काढल्या आहेत, त्यातली चौथी आमची आणि पाचवी विलासभाऊंची. मधली भिंत एका विटेची. आमचे हे चाकणला फोर्जिंगच्या कंपनीत आहेत. मी घरी मोठ्या सुईच्या मशीनवर गाड्यांची सीट कव्हरं शिवते. भोसरीचा दुकानदार रेक्झिन कापून पाठवतो, मी जोडते. दिवसभर मशीन चालू असल्यामुळे बोलायची वेळ फारशी येत नाही, आणि ते मला बरंच वाटतं.

विलासभाऊही चाकणलाच, गाड्यांच्या कंपनीत टेस्टिंगला. काम काय, तर नव्या टेम्पोत वाळूची पोती भरायची आणि कंपनीच्या ट्रॅकवर दिवसभर ताशी चाळीसनं गोल फिरायचं. एकेचाळीस झाले की साहेब विचारायचे. "सहा दिवस पोती घेऊन फिरायचं, ताई, आन सातव्या दिवशी जगायचं," असं ते म्हणत.

सातवा दिवस म्हणजे शर्यत. कुठंतरी माळावर कच्चा रस्ता आखतात आणि तिथं गाड्या पळवतात. त्यांची गाडी खोल्यांच्या मागं ताडपत्रीखाली असायची. जुनी, पांढरी, दारावर सत्तावीस नंबर.

आमचे हे एकदा म्हणाले, "आडनाव डोईफोडे आणि नाद गाडी पळवायचा. लायसन कुणी दिलं रे तुला?"

"दाजी, लायसन देणाऱ्याचं आडनाव धडफळे होतं. त्यांना लगेच पटलं."

विलासभाऊंचा सगळा जीव वजनात. गाडी हलकी झाली की पळते, म्हणून त्यांनी मागची सीट काढली, स्टेपनी काढली, दारांच्या आतलं पुठ्ठ्याचं अस्तर काढलं. हँडब्रेकच्या दांड्याला ओळीनं भोकं पाडली. शेवटी हॉर्नही काढला. भंगारवाल्याकडून स्प्रिंगचा वजनकाटा आणला, आणि त्यांच्या दाराला टांगायला कडी नव्हती म्हणून तो आमच्या चौकटीला टांगला. गाडीचा एकेक भाग त्याला लटकवायचा, तोलायचा आणि मार्करनं त्याच्यावरच वजन लिहायचं. मी त्यांचा डबा करायची, तर तोही काट्याला लागायचा.

"ताई, आज चवळी लई जड हाय."

"मीठ जास्त झालं का?"

"न्हाई, मीठ बरोबर हाय. ग्रॅम जास्त हायत."

शर्यतीच्या दिवशी अर्धी भाकरी डब्यातून काढून परत द्यायचे. त्यांच्यासमोर मी हसायची नाही, मशीनवर येऊन हसायची.

ही सगळी वेडं मी सहन केली असती किंवा नसती, पण एका रविवारी ह्यांना मागच्या नळावर घोणस चावली. पाय बघता बघता सुजला. रुग्णवाहिकेला फोन केला तर ती चौकातल्या गर्दीत अडकलेली. विलासभाऊंनी ताडपत्री ओढली, ह्यांना पुढं बसवलं आणि मला मागं बसायला सांगितलं. मागं सीट नव्हतीच. मी पत्र्यावर बसले, दोन्ही हातांनी आतल्या सांगाड्याच्या लोखंडी नळ्या धरून.

रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, "ताई, हॉर्न न्हाई. तुमी वरडा."

"काय ओरडू?"

"काय बी. लोक सरकले पायजेत."

मी बाजारात भाव सुद्धा मोठ्यानं विचारत नाही. त्या दिवशी भोसरी ओलांडेपर्यंत खिडकीतून डोकं काढून "सरका, सरका" ओरडत गेले. मधेच डावं वळण आलं की ते अगदी शांतपणे म्हणायचे, "ताई, डावीकडं सरा. वजन आतल्या बाजूला पायजे." मी सरकायची. ह्यांची मान लुळी पडत चालली होती आणि मी गाडीतलं वजन झाले होते.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. विलासभाऊ व्हरांड्यात घड्याळाकडं बघत उभे होते. मला वाटलं ह्यांची काळजी करतायत. जवळ गेले तर म्हणाले, "नाशिक फाट्याला एक वळण चुकलं, ताई. न्हाईतर तेरा मिनिटांत आलो असतो."

पण पुढचे चार दिवस कामावरून सुटल्यावर ते त्याच व्हरांड्यात येऊन बसायचे.

दिवाळीनंतर ते गाडीची डावी सीट घेऊन आले. शर्यतीची सीट साधी नसते, फायबरचं टोपलं आणि त्यात फोमची गादी. त्या गादीखाली एक कप्पा शिवून पाहिजे होता. "पाना-पक्कड आन कागदं ठेवायला," म्हणाले. मी काळ्या नायलॉनच्या धाग्यानं डबल शिलाई मारली, तोंडाला पिशव्यांना असते तशी उघडबंद होणारी चिकटपट्टी लावली. पैसे घेतले नाहीत. त्यांचं मी काय घेणार? त्यांनी सीट काट्याला लावली आणि पाठीमागं मार्करनं लिहिलं, २.८००. "ताई, तुमच्या शिलाईचं वजनच न्हाई," म्हणाले. याहून मोठं कौतुक त्यांच्याकडं नव्हतं.

त्यानंतर गाडीला नवे टायर आले. मग नवं हेल्मेट. मग चिंचवडच्या एका गॅरेजात इंजिन उघडलं. आधी ते म्हणायचे, टायरचा एक जोड माझा पगार खातो. आता तसं म्हणेनात. शर्यतीही लांबलांबच्या व्हायला लागल्या. परत आले की नाक्यावरच्या गमती सांगायचे. "पोलीस गाडी अडवतात, ताई, पण फोटो काढाय. एका हवालदारानं हेल्मेट घालून सेल्फी काढला, आन मलाच म्हनला, जरा बाजूला व्हा." मी हसले होते त्याला.

मग एका गुरुवारी दुपारी ते तीच सीट घेऊन आले.

"ताई, चिकटपट्टी सुटायली. कप्प्याचं तोंड शिवूनच टाका. आत कागदं हायत, ती काढू नका."

मी सीट मांडीवर घेतली. माझे हात दिवसाला आठ-दहा सीटांची कव्हरं उचलतात, त्यांना कळतं. पाठीमागं त्यांच्याच अक्षरात २.८०० लिहिलेलं होतं. मी उठले, दाराशी गेले आणि सीट काट्याला अडकवली.

काटा सहाच्या पुढं जाऊन थांबला.

विलासभाऊ काट्याकडं बघत राहिले. मी पण.

"विलासभाऊ, तुम्ही नखं कापता," मी म्हणाले. "ह्यात काय आहे?"

"बॅलन्स हाय. डावी बाजू हलकी पडायली."

मी तिथंच उभी राहिले. मग ते उंबऱ्यावर बसले आणि खाली बघत म्हणाले, "नशेची पावडर हाय. एमडी. मी खात न्हाई, इकत न्हाई. हिथून तिथं नेतो. मी नुसता ड्रायव्हर, ताई."

"मग मी कोण? नुसती शिवणारी?"

ते मोबाइल काढून मला परदेशातल्या गाड्या दाखवायला लागले. तिकडं मोठमोठ्या ड्रायव्हरांनी असंच केलं म्हणे. आधी माल, मग गाडी, मग कप. सगळं जग त्यांच्या शर्यती बघायचं.

"पुढं काय झालं त्यांचं?"

"जेलात गेले." जरा थांबून म्हणाले, "पन आदी जिंकले, ताई."

एरवी मी मशीनवर जाऊन हसले असते. त्या दिवशी दारातून हललेच नाही.

ते म्हणाले, ही शेवटची फेरी. रविवारी नगरकडं शर्यत आहे, एरवी माल वाटेतच द्यायचे, या वेळी शर्यतीनंतर तिथंच माणूस येऊन घेणार. मग पुढच्या सगळ्या हंगामाची सोय होते. मी ऐकत होते आणि मला एवढंच दिसत होतं की हा माणूस धरला जाणार, आणि त्या कप्प्यावर माझी शिलाई आहे. ओरडून लोक जमवावेत तर आमचे हे ज्याच्यामुळं जिवंत आहेत तो माझ्या उंबऱ्यावर बसलेला. शिवून द्यावं तर ते माझ्या हातून होणार नव्हतं.

"मी नाही शिवणार," मी म्हणाले. "आणि माझा कप्पा उसवून घेते. आत्ता."

"आल्यावर उसवा. आता येळ न्हाई." त्यांनी सीट काट्यावरून काढली, काखेत मारली. "दाजींना सांगू नका."

मी सांगितलं नाही. शुक्रवारी दुपारी गाडी गेली. त्या दिवसापासून माझ्या मशीनची सुई तीनदा मोडली. रस्त्यावर जीप थांबली की पायडलवरचा पाय थांबायचा. हे विचारायचे, काय झालं, तर मी म्हणायची रेक्झिन जाड आलंय. रविवारी मी त्या फुटक्या सायलेन्सरचा आवाज ऐकायला बसले होते. तो आला नाही. सोमवारी सकाळी सवयीनं त्यांच्या भाकरी थापल्या गेल्या.

सोमवारीच शिफ्ट सुटल्यावर हे बातमी घेऊन आले. विलासभाऊंच्या ट्रॅकवरचा एक जण शर्यत बघायला गेला होता, त्यानं सांगितली.

शर्यतीआधी सगळ्या गाड्यांचं वजन करतात. विलासभाऊंची गाडी काट्यावर चढली, तर मागच्या वेळेपेक्षा साडेतीन किलो जास्त. वजन करणारा गमतीनं म्हणाला, "डोईफोडे, लग्नाचं जेवून आलास काय?" एवढंच. गाडी खाली घ्यायची आणि निघायचं. जास्त वजनाला कुणी दंड करत नाही. पण विलासभाऊ चिडले. म्हणाले, माझी गाडी एवढी भरूच शकत नाही, तुमचा काटा खोटा आहे. परत करा. परत केलं, तेवढंच आलं. मग विलासभाऊच म्हणाले, सुटे भाग तोला, प्रत्येकावर मी वजन लिहिलंय. त्यांच्या डोक्यातून माल निघूनच गेला होता. स्वतःच्या हातानं त्यांनी आरसा काढला, बॅटरी काढली, सगळं जुळत गेलं आणि ते जिंकल्यासारखे सगळ्यांकडं बघत गेले. मग डावी सीट काट्यावर ठेवली आणि त्यांचा चेहरा उतरला. पण तोवर वजन करणाऱ्यानं पाठीमागचा आकडा वाचला होता.

"एवढा शहाणा पोरगा," हे म्हणाले, "आणि असं कसं केलं?" मला ते कसं झालं हे नीट कळत होतं.

बुधवारी सकाळी दहाला पोलीस त्यांची खोली तपासायला आले. मशीनवर निळ्या कव्हराचं काम चालू होतं, तोच काळा धागा ओवलेला. मी त्यावर गोधडी टाकली आणि दारात येऊन उभी राहिले. आत बसले असते तर ते आत आले असते.

एक साहेब, दोन शिपाई. विलासभाऊंच्या हातात बेडी. दाढी वाढलेली. साक्षीला आण्णांना बोलावलं होतं. खोली पाच मिनिटांत तपासून झाली. चार कपडे, दोन कप, एक स्टोव्ह.

साहेबांनी मोबाइलवरचा फोटो आण्णांना दाखवला. "ही शिलाई बघा. घरातल्या सुईची नाही, कारागिराची आहे. कुणी केली?"

आण्णांनी फोटो बघितला, मग माझ्याकडं बघितलं. आमच्या खोलीत काय शिवलं जातं ते त्यांना चांगलं माहीत आहे.

"आमाला काय ठावं न्हाई," आण्णा म्हणाले. "आमी भाडं घेतो, शिलाई कशाला बगू."

साहेब माझ्याकडं वळले. "ताई, मशीनचा आवाज येत होता मघाशी. काय शिवता तुम्ही?"

पाच जण माझ्याकडं बघत होते.

"झंपर शिवतात बायकांचे," विलासभाऊ म्हणाले. "त्यांना कशाला इचारता, साहेब. त्या कुणासंगं बोलत न्हाईत. चार वर्षं झाली, माज्यासंगं बी एक शब्द बोलल्या न्हाईत."

"तुला विचारलं का मी?"

"न्हाई."

"मग शिलाई कुणाची?"

"रस्त्यावर बसतो एक जण. नाव इचारलं न्हाई." हे सांगताना त्यांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

साहेबांनी आमच्या दारातून आत पाहिलं. गोधडीखालचं मशीन केवढं आहे ते लपत नव्हतं. त्यांना कळलं की नाही, मला अजून सांगता येत नाही. ते मागं फिरले आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागले. आण्णांनी सही केली. मग साहेबांनी एका ओळीवर पेन टेकवलं.

"हे अजून रिकामंच आहे. अटकेची खबर कुणाला द्यायची? आई-बाप?"

"न्हाईत."

"भाऊ, बहीण?"

"न्हाई कुणी."

"अरे, मित्र असेल, शेजारी असेल. एक तरी नाव लागतं."

मी चौकट धरून उभी होते. माझं नाव मला येत होतं, लिहायलाही येतं. मी ते सांगितलं नाही.

"साहेब," ते म्हणाले, "तिकडं जेलात मला कुणी भेटाय आलं तर तुमी त्यांची चौकशी करणार का?"

"करावी लागते."

"नाव-पत्ता, काय काम करतात, समदं?"

"सगळं."

"मग ऱ्हाऊ द्या. कुणी यायचं न्हाई भेटाय." एवढं बोलून ते जीपमध्ये चढले. साहेबांनी त्या ओळीवर आडवी रेघ ओढली.

दुपारी हे पहिल्या शिफ्टवरून आले. जेवण वाढायच्या आधी मी त्यांना सगळं सांगितलं. कप्प्याचं, वजनाचं, सकाळचं. त्यांनी रिकामं ताट बाजूला सारलं. रागावतील असं वाटलं होतं, पण नाही. म्हणाले, "रविवारी सुट्टी आहे. भेटून येतो त्याला. मोसंबी नेतो."

"जाऊ नका," मी म्हणाले. "त्यांनी नको म्हणून सांगितलंय."

"कधी? तुझ्याशी बोलला तो?"

"नाही. साहेबांशी बोलले," मी म्हणाले. "मला ऐकू येईल अशा आवाजात."