थोराड माश्यांची चाचणी

"आता उडतील," पंख्या म्हणाला. काचेच्या पेटीतली एकही पांढरी माशी हलली नाही.

पंख्या हे नाव त्याला प्रयोगशाळेने दिलेलं. पांढरी माशी ही पिकांवरची कीड किती उडते, एवढंच तो वर्षानुवर्षं बघत होता आणि प्रबंधाचं सार एका ओळीत मावत होतं : माशी जितकी मोठी, तितकं उड्डाण लांब. आज बाहेरचे परीक्षक हे डोळ्यांनी बघायला येणार होते. दिसलं तर पदवी. नाही दिसलं तर सगळं पहिल्यापासून. पंख्या पेटीचं झाकण पुन्हा पुन्हा पुसत होता.

खरं तर त्याने कसूर ठेवली नव्हती. आईने फोनवर बजावलं होतं, "परीक्षेला उपाशीपोटी नेऊ नकोस रे त्यांना." म्हणून त्याने माश्यांना वांग्याच्या कोवळ्या पानांवर पोसलं आणि सकाळी त्यातल्या थोराड थोराड वेचून पेटीत सोडल्या. वर दिवा लावला. दिव्याकडे झेपावायचं, एवढंच त्यांचं काम. त्या तळाशी बसून होत्या, जेवण झालेल्या पाहुण्यांसारख्या.

शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीने एक माशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

"अरे शहाण्या, ही अंड्यांनी गच्च भरलीये."

"आणि ही?"

"हीसुद्धा. थोराड वेचल्यास म्हणजे सगळ्या माद्याच वेचल्यास, त्याही दिवस भरलेल्या. त्या कशाला दिव्यामागे धावतील? त्यांना बाळंतपणाला जागा हवीये."

"मग मी काय करू? फुंकर मारू?"

"मार. आणि प्रबंधात लिही, वारा सुटला होता."

पंख्याने खरंच झाकण काढलं, गाल फुगवले, आणि नेमके तेव्हाच परीक्षक दारात उभे राहिले. अंगात पिवळाधमक शर्ट.

माश्या उठल्या. दिव्याला बगल देऊन, पंख्याच्या नाकासमोरून थेट परीक्षकांच्या छातीवर जाऊन बसल्या.

"हे काय आहे?"

"हलू नका, सर!"

"चावतात का?"

"नाही, सर. पण त्यांच्या दृष्टीने तुम्ही आता... पान आहात."

"पिवळं दिसलं की त्यांना पालवी वाटते," सहकारिणीने सांभाळून घेतलं. "अंडी घालायची घाई असली की जवळचं पान बरं."

परीक्षकांनी हनुवटी न हलवता विचारलं, "म्हणजे तुमचा प्रबंध चुकला?"

"अर्धा, सर," पंख्या म्हणाला. " नुसतं अंगाने मोठं असून भागत नाही. पोटात अंडी पिकली की लांब उड्डाणापेक्षा जागा महत्त्वाची."

"हा निष्कर्ष प्रबंधात कुठे आहे?"

"प्रबंधात नाहीये, सर. आत्ताच बसलाय. तुमच्या खिशावर."

परीक्षकांनी खाली खिशाकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "हे जास्त खरं वाटतंय. एवढं घाला त्यात. आणा इकडे, सही करतो." आणि त्यांचा हात पेनासाठी खिशाकडे निघाला.

सहकारिणीने लगेच प्रबंध पुढे केला. पंख्याने मात्र झेप घेऊन परीक्षकांचं मनगट धरलं.

"आत्ता नको, सर! खिशावर एकीनं नुकतीच अंडी घालायला सुरुवात केलीये."