कचऱ्याचा दाखला

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नाथाजी शेवाळे यांचा चपलांचा कारखाना होता. फौजेच्या पुरवठा खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो काढला. तिथे फेकून दिलेल्या, तुटक्या चपला दळून त्यांचा चुरा होई आणि चुरा वितळवून नवे तळवे होत. हा उद्योग नाथाजी सतरा वर्षं करत होते आणि सतरा वर्षं लपवत होते. कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारी, "माल नवा हाय न्हवं?" आणि नाथाजी छातीवर हात ठेवून सांगत, "एकदम कोरा!" त्या वेळी त्यांना थोडी लाज वाटे, पण हात रुंद असल्यामुळे ती त्याखाली झाकली जाई.

अशात एका परदेशी कंपनीचं पत्र आलं. कंपनी खेळाचे बूट आणि कपडे विकायची आणि तिला चाळीस हजार जोडांचे तळवे हवे होते. अट एकच, माल कचऱ्यापासूनच बनलेला हवा. नाथाजींनी पत्र तीनदा वाचलं. मग कारखान्यातल्या बत्तीस बायकांना अंगणात गोळा करून ते म्हणाले, "बायांनो, आजवर आपण चोर हुतो. सोमवारपासनं आपण पर्यावरणवादी."

त्याच उत्साहात त्यांनी आणखी अकरा बायका कामावर घेतल्या आणि दारावर हिरव्या अक्षरांचा फलक लावला. सोमवारी पुण्याहून प्रमाणन संस्थेच्या उत्कर्षाताई तपासणीला आल्या. वयानं तरुण, बोलायला अतिशय गोड आणि हातात चोवीस पानी नमुना. मागच्या आवारातल्या जुन्या चपलांच्या ढिगाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"सर, हा कचराच आहे, हे कशावरून?"

नाथाजी गोंधळले. "ताई, जरा जवळ येऊन वास घ्या की."

"वासाचा रकाना नाहीये, सर."

मग दगडाबाईला बोलावणं गेलं. मिरजेपासून जतपर्यंतचे बाजार आणि उकिरडे फिरून ती बारा वर्षं कारखान्याला माल पुरवत होती. ती पदराला हात पुसत पुढं आली.

"या चपला कुणाच्या?" उत्कर्षाताईंनी विचारलं.

"टाकलेल्या हायत."

"कुणी टाकल्या?"

"ज्यानं घातल्या त्यानं."

"त्याचं नाव, पत्ता, मोबाइल?"

"आवं बाई, चप्पल टाकताना मानूस नाव सांगून टाकतो व्हय?"

उत्कर्षाताईंनी अत्यंत सहानुभूतीनं नियम समजावून सांगितला. वस्तू कचरा ठरण्यासाठी ती कुणीतरी विकत घेतलेली, वापरलेली आणि स्वखुशीनं टाकलेली असावी लागते. तिन्हींचा पुरावा हवा. विकत घेतल्याची पावती, वापरतानाचा फोटो आणि टाकणाऱ्याच्या सहीचं परित्याग घोषणापत्र. अहवालात त्यांनी लिहिलं, 'आवारात आढळलेला माल हा कचरा नसून केवळ बेवारस वस्तू आहेत.' पंचेचाळीस दिवसांत कचरा सिद्ध झाला नाही, तर काम दुसऱ्या कारखान्याकडे जाणार होतं.

नाथाजी हबकले. नव्या अकरा बायकांना नाही म्हणायचं कसं? शिवाय पै-पाहुण्यांत त्यांनी चाळीस हजारांचे साठ हजार करून सांगितले होते.

दगडाबाईनंच वाट सुचवली. तिचा भाऊ धुळा जत तालुक्यात मेंढरं राखायचा. "त्याच्या गावची मानसं सरळ हायत. सह्या देतील," ती म्हणाली. नाथाजी कोऱ्या घोषणापत्रांचा गठ्ठा घेऊन गेले. धुळाच्या पायात नऊ वर्षांची चप्पल होती. तळवा टायरचा, अंगठा तारेचा, पट्टा शेळीच्या दाव्याचा.

"ही टाकली म्हणून लिहून दे," नाथाजी म्हणाले.

धुळा दचकला. "टाकू? आजून चालत्याय की!"

गावभर हीच गत. तिथे चपला कुणी टाकतच नव्हतं. त्या झिजत, दुरुस्त होत, पुन्हा झिजत आणि शेवटी पायातल्या पायात संपून जात. नाथाजींनी धुळाच्या चपलेचा फोटो पुण्याला पाठवला. उत्तर आलं की एका वस्तूत चार प्रकारचे पदार्थ असल्यामुळे ती कुठल्याच वर्गात बसत नाही, आणि दुरुस्ती करून वापरणं ही पुनर्वापराची मान्य पद्धत नाही.

परतीच्या वाटेवर कवठे महांकाळला चहा पिताना नाथाजींना युक्ती सुचली. आपल्या डोक्याचा त्यांना फार अभिमान होता. या डोक्यानं आयुष्यात त्यांना जितक्या वेळा खड्ड्यात घातलं, तितक्या वेळा त्यांनी तो रस्त्याचा दोष मानला होता. त्यांनी टपरीवरूनच फोन लावला.

"ताई, चप्पल वापरली असं कवा म्हणायचं? किती चालल्यावर?"

"तसा कालावधी दिलेला नाही, सर. वापर झालेला असावा, इतकंच."

"शंभर पावलं?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "शंभर पावलं म्हणजे वापरच की."

त्याच आठवड्यात नाथाजींनी आयुष्यात पहिल्यांदा कोरं प्लास्टिक मागवलं. सतरा वर्षं खोटं सांगितलेलं वाक्य आता खरं झालं. माल एकदम कोरा! त्याच्या नव्या चपला बनवल्या, पावत्यांसह टेम्पोत भरल्या आणि धुळाच्या गावी नेल्या. शाळेच्या पटांगणात रांग लागली. माणसानं चप्पल घालायची, शंभर पावलं चालायचं, फोटो द्यायचा, चप्पल काढायची, सही करायची, चहा प्यायचा आणि आपल्या जुन्या चपलेत घरी जायचं. संध्याकाळी टेम्पो परत कुपवाडला. दुसऱ्या दिवशी बायका त्या नव्याकोऱ्या चपला दळायला बसत. चुऱ्याला कसलाही वास येत नव्हता. उत्कर्षाताईंनी पहिल्या फेरीतच सगळा चुरा उत्कृष्ट कचरा म्हणून मंजूर केला.

"सायेब," धुळानं एकदा विचारलं, "फौजंत बी असंच करायचा व्हय?"

"न्हाई गड्या. तितं बूट फाटायची वाट बघायचे. लय मागास कारभार."

हे बोलून नाथाजी हसले. धुळा हसला नाही, म्हणून त्यांनाही हसू आवरतं घ्यावं लागलं.

तिसऱ्या फेरीला बनाबाई नावाची म्हातारी रांगेत आली. ती अनवाणीच आली होती. तिची शंभर पावलं झाली. पावलं मोजणारीनं "बास, आजी" म्हटलं. म्हातारी थांबली आणि नाथाजींकडे बघून म्हणाली, "आनी वाईच चालू का रं लेकरा?"

नाथाजींनी मान हलवली. म्हातारीनं पटांगणाला तीन फेऱ्या मारल्या. मग चप्पल काढून पदरानं पुसली, दोन्ही तळवे एकमेकांना जुळवून टेबलावर ठेवले आणि अंगठा उठवायला हात पुढं केला. नाथाजींनी शाईची डबी मिटली. "घिऊन जा, आज्जी," ते खालच्या आवाजात म्हणाले. सबंध प्रकरणात एवढं एकच काम त्यांनी डोकं न वापरता केलं.

ते महागात पडलं. आठवड्यानं उत्कर्षाताईंचं पत्र आलं. 'नोंदणीपेक्षा एक जोड कमी भरला. सदर जोड अद्याप वापरात असल्याचे समजते. ही कचऱ्याची गळती असून पुन्हा घडल्यास मान्यता रद्द होईल.' नाथाजींनी लेखी माफी मागितली. यापुढे एकही चप्पल वापरात राहू दिली जाणार नाही, असं त्यांनी मुद्रांकावर लिहून दिलं.

इकडे दगडाबाईचा ढीग मागच्या आवारात तसाच पडून होता. तिचा माल आता कुणालाच नको होता. तपासणीत बेवारस वस्तू दिसू नयेत म्हणून नाथाजींनी तो ट्रॅक्टरमध्ये भरून, जिथून आला होता त्याच उकिरड्यावर नेऊन टाकायला लावला. दगडाबाई ट्रॅक्टरमागून फाटकापर्यंत गेली.

"सायेब, म्या आता काय येचू?"

नाथाजींनी तिला कारखान्यात घेतलं. शंभर पावलांत पुरेशा न मळलेल्या चपलांना तपासणीआधी धूळ लावणं, हे तिचं काम. बारा वर्षं चपलांची धूळ झटकलेली बाई मुकाट्यानं धूळ लावू लागली. नाथाजी त्या खोलीकडे जायचं टाळू लागले.

चाळीस हजार जोड वेळेत गेले. कंपनीनं महाबळेश्वरच्या एका हॉटेलात नाथाजींचा सत्कार केला. जुन्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून विणलेले टी-शर्ट घातलेली दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती आणि बाटल्यांतलंच पाणी पीत होती. तिथे विकायला मांडलेल्या बुटांना चिठ्ठी होती, 'या जोडानं तुम्ही पृथ्वीवरचा भार हलका केला.' एक गृहस्थ नाथाजींना भेटून म्हणाले, "माझ्याकडे सात जोड आहेत हो. पण पर्यावरणासाठी म्हणून हा आठवा घेतला."

अशी माणसं पुष्कळ निघाली. मागणी दुप्पट झाली आणि कचरा कमी पडू लागला. धुळाच्या गावातली माणसं चालून आणि चहा पिऊन कंटाळली होती. तेव्हा कंपनीनंच योजना काढली. जुना जोड परत करा, नव्यावर सवलत मिळवा. पावती, फोन नंबर, ऑनलाइन सही, सगळं गिऱ्हाईकच भरणार होतं. पंधरा दिवसांत पुण्या-साताऱ्याकडून तीन ट्रक येऊन थांबले.

बायकांनी खोकी उघडली. बूट पांढरेशुभ्र. कित्येकांच्या लेस अजून ओवलेल्या नव्हत्या, कित्येकांत कागदाचे बोळे तसेच होते. दगडाबाई धुळीचं घमेलं घेऊन उभी राहिली आणि एकेक तळवा उलटा करून पाहू लागली.

"सायेब, ह्यांस्नी पाय न्हाईत काय?"

शंभर पावलांचा पुरावा कुठून आणायचा, या काळजीनं नाथाजींनी पुण्याला फोन लावला. उत्कर्षाताई गोड हसल्या. "सर, त्याची गरज नाही. ही शिकलेली माणसं आहेत. त्यांनी 'वापरला' अशी खूण केली आहे ना? मग वापरला."

कचरा मंजूर झाला. सोबत परित्याग करणाऱ्यांची छापील यादी आली होती, एकशे बारा पानांची, अकारविल्हे. कोण कोण असतं यात, या उत्सुकतेनं नाथाजी चष्मा लावून वाचायला बसले. ओळखीची बरीच नावं सापडली. दोन डॉक्टर, एक भावकीतला प्राध्यापक, फौजेतले तीन जुने साहेब. प्रत्येक नावाला ते मोठ्यानं हसत होते. मग चौपन्नाव्या पानावर 'नाथाजी शेवाळे' असं नाव आलं. पुढे तीन जोड. सत्काराच्या भरात सकाळी फिरायला जायचं ठरवून त्यांनी ते घेतले होते, आणि कपाटात जागा होईना म्हणून त्यांच्या बायकोनं फॉर्म भरून परत धाडले होते.

नाथाजींनी यादी मिटली. पुढची नावं त्यांनी वाचली नाहीत. ती ज्याची त्यानं बघावीत.