बारा भोकांची गाडी

सासरेबुवांची जुनी गाडी यापुढे कोणाकडे राहणार, याचा निकाल रविवारी लागायचा होता. म्हणून गळतीसाहेबांनी शुक्रवारी रजा टाकली आणि ठरवलं, की गाडीला गंज चढू नये म्हणून जरासं काहीतरी करून ठेवावं. जरासंच. (त्या घरातली सगळी मोठी संकटं याच शब्दापासून सुरू झालेली आहेत. खोटं वाटत असेल तर त्यांच्या बायकोला विचारा.)

गळतीसाहेब हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ते कारकून. कुठे पाणी गळतंय याची तक्रार लिहून घ्यायची आणि माणूस पाठवून ते भोक बुजवायचं, हे एकच काम त्यांनी सव्वीस वर्षं इमानाने केलं होतं. तेव्हा भोक दिसल्यावर त्यांचा हात शिवशिवायचा, यात त्यांचा दोष नव्हता.

सासरे गेल्यापासून चार वर्षं गाडी साहेबांच्याच अंगणात होती. आता ती मेहुण्याला हवी होती. चालवायला नव्हे, त्याच्या हॉटेलच्या दारात उभी करायला, बॉनेटवर कुंड्या मांडून. त्या कुंड्या नुसत्या डोळ्यांसमोर आल्या तरी साहेब भरल्या ताटावरून उठायचे. याच गाडीवर सासऱ्यांनी त्यांना चालवायला शिकवलं होतं. जावयाने फाटक दोनदा पाडलं, तरी सासरे एक शब्द बोलले नव्हते.

सासूबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, "मी येते, एक चक्कर मारू. जिथे नीट सांभाळ होईल तिथे गाडी राहील."

तर शुक्रवारी साहेब जुन्या चटईवर आडवे होऊन गाडीखाली शिरले. सांगाडा तारेच्या ब्रशने घासून लख्ख केला आणि त्यावर गंज रोखणारा काळा, चिकट लेप मन लावून फासला. निम्मा लेप गाडीला लागला, निम्मा त्यांना. संध्याकाळी खालूनच हाक आली.

"अगं, ऐकलंस का? प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला तीन-तीन भोकं आहेत. एकूण बारा. बाबांच्या लक्षातच आलं नव्हतं."

"बाबांच्या? ते या गाडीचा स्क्रू न् स्क्रू ओळखायचे."

"पाणी इथूनच आत शिरत असणार."

"खालून वर?"

"पाणी कुठूनही शिरतं. मी सव्वीस वर्षं बघतोय."

बायकोने पुढे वाद घातला नाही. (तीसुद्धा सव्वीस वर्षं बघत होती.) साहेबांनी बाराही भोकांना रबरी बुचं ठोकली, वरून लेप थापला, आणि शनिवारी गाडी पाइप लावून तीनदा धुतली. रविवारी सकाळी आणखी एकदा. गाडी आरशासारखी चमकायला लागली.

सासूबाई पुढे बसल्या, बायको आणि मेहुणा मागे. साहेब ऐटीत म्हणाले, "आई, कसला आवाजसुद्धा येणार नाही बघा."

पहिल्याच वळणावर आवाज आला. खळ्ळ.

"भाऊजी, डिकीत पाण्याचा हंडा राहिलाय का?" मेहुण्याने विचारलं.

"रस्ता ओला असेल."

रस्ता ठणठणीत कोरडा होता. पुढच्या वळणावर चारही दारं एकदम डुचमळली.

"मासे पाळलेत का हो?"

"अहो," बायको हळूच म्हणाली, "माझ्या पायाला गार लागतंय."

तेवढ्यात एक सायकल आडवी आली. साहेबांनी करकचून ब्रेक दाबला आणि काच फिरवायच्या हँडलच्या फटीतून पाण्याची चिळकांडी उडाली, ती थेट मेहुण्याच्या पांढऱ्या पँटवर.

"जावईबापू, गाडी बाजूला घ्या," सासूबाई म्हणाल्या.

त्या उतरल्या. अंबाड्यातला आकडा काढला, पदर खोचून रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसल्या आणि दाराखालचं एक बूच उचकटलं. भळभळा पाणी आलं. पॉलिश केलेले बूट घालून साहेब नेमके तिथेच उभे होते.

"काचेच्या फटीतून पाणी आत जाणारच," त्या म्हणाल्या. "ही भोकं ते बाहेर जाण्यासाठी असतात. नाहीतर दार आतून सडतं. ह्यांनी तीस वर्षं गाडी चालवली आणि तीस वर्षं दर रविवारी ही भोकं मी मोकळी केली. याच आकड्याने."

बोलता बोलता त्यांनी चारही दारांची बुचं उपटली. साहेबांना बॉनेटवरच्या कुंड्या स्पष्ट दिसायला लागल्या.

"आता जरा खाली वाकून सांगाडा बघ," सासूबाई मुलाला म्हणाल्या.

"आई, रस्त्यात? पँट खराब होईल."

"ती झालीच आहे."

तरी तो वाकला नाही. सासूबाईंनी स्वतः वाकून बघितलं, बराच वेळ. मग उठून जावयाचे कोपर बघितले. दोन दिवस घासूनही ते डांबरासारखे काळे होते.

"खाली गंजाचा ठिपका नाही," त्या म्हणाल्या. "गाडी जावईबापूंकडेच राहील."

चारही दारांतून धो-धो पाणी गळत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांना त्याची तक्रार लिहून घ्यावीशी वाटली नाही. भरल्या डोळ्यांनी त्यांनी आकड्यासाठी हात पुढे केला.

सासूबाईंनी आकडा पुसला आणि लेकीच्या हातात ठेवला.

"दर रविवारी, न विसरता. आणि तेवढा वेळ यांना भाजी आणायला पाठवत जा."

तेव्हापासून त्या घरात रविवारी भाजी जरा जास्तच येते.