वर्ग ओहोटीला गेला आहे

आमच्या गावच्या शाळेत बिगारीच्या दाराला अधूनमधून एक दगडी पाटी टांगलेली असे. तिच्यावर वळणदार अक्षरांत लिहिलेले असे : "वर्ग ओहोटीला गेला आहे. भरती लागताच परत येईल."

पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही कुणाची तरी थट्टा वाटे. पण आत डोकावले तर खोलीत खरोखरच कुणी नसे. पहिलीच्याही आधीच्या त्या वर्गातली चाळीसेक पोरे आणि त्यांचे रघूमास्तर समुद्रावर गेलेले असत.

बाकीची शाळा घड्याळावर चाले, रघूमास्तरांचा वर्ग तिथीवर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही येतो. षष्ठी, सप्तमी आणि अष्टमी या तीन दिवशी ओहोटी नेमकी शाळेच्या सकाळच्या वेळेत पडते. त्या दिवशी मास्तरांना चार भिंतींच्या आत बसवून ठेवील असा हेडमास्तर आमच्या शाळेला कधी मिळाला नाही.

आमचे हेडमास्तर, सगळे त्यांना तात्या म्हणत, फार नियमाचे. ते कळवळून म्हणायचे, "अहो रघुनाथराव, वेळापत्रकात आत्ता अंकओळख आहे."

"अंकओळखीलाच चाललोय, तात्या. अंक तिकडे शिंपल्यांत पडलेत. इकडे आणायचे तर बैलगाडी करावी लागेल."

"शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात असं कुठं सांगितलंय?"

यावर मास्तरांचे उत्तर ठरलेले असे. ते टोपी मागे सारत आणि म्हणत, "पुस्तक कुठं पावसात भिजलंय!"

या रघूमास्तरांच्या हाताखाली मी दोनदा गेलो. पहिल्यांदा पाच वर्षांचा असताना, वडिलांचे धोतर दोन्ही हातांनी घट्ट धरून. आमच्या घरात तोवर कुणी सही केली नव्हती, सगळे अंगठेवाले. वडिलांना वाटले होते, मास्तर माझे नाव विचारतील. मास्तरांनी विचारले, "तुमच्या बैलाचं नाव काय रे?" मी म्हणालो, "ढवळ्या." "मारतो का?" "न्हाय." "मग बस. तो मारत नाही तर मीही मारत नाही." एवढ्यावर माझे शिक्षण सुरू झाले. पुढे मी अलिबागच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झालो. त्याच साली वडिलांचा पाय मोडला. भातशेतीला घरात हात हवा होता, म्हणून कॉलेज वर्षभर लांबले, आणि त्या वर्षात मी बिगारीवर मदतनीस लागलो. आज मी पदवीधर आहे, हायस्कुलात शिकवतो. पण शिकवायचे कसे, हे मला विचाराल तर ते मी त्या एका वर्षात शिकलो.

मास्तर बुटके, अंगाने भरलेले. त्यांच्या कोटाचे खिसे खाली लोंबत, कारण त्यांत सुतळी, खडू, सागरगोटे, वाळलेली पाने आणि पोरांची नाके पुसायला चार फडकी असत. पाचवे फडके स्वतःसाठी. ती ओळखायची कशी हे त्यांनाच ठाऊक. माझा अंदाज आहे, त्यांनाही नव्हते.

मी मोठ्या उमेदीने पहिला पाठ तयार केला होता. पावसाळ्याचे दिवस. पोरे इरली पांघरून येत, ती भिंतीला ओळीने उभी करून ठेवत आणि कुडकुडत बसत. मी फळ्यावर 'ग' काढला. मास्तर मागून आले आणि त्यांनी तो पुसून टाकला.

"आधी डोकी पुसा. ओल्या पोराला अक्षर चिकटत नाही."

मग आम्ही दोघांनी पंचे घेऊन चाळीस डोकी पुसली. त्यातच अर्धा तास गेला. पुसताना मास्तर मोठ्याने मोजत होते आणि पोरे त्यांच्यामागून मोजत होती. तिसाव्या डोक्यापर्यंत सगळा वर्ग तीसपर्यंत मोजायला शिकला होता. उरलेला वेळ मास्तरांनी भिंतीकडची इरली मोजण्यात घालवला. एक इरले कमी निघाले. ते कोणाचे, याचा शोध म्हणजे त्या दिवशीची वजाबाकी.

असे त्यांचे वर्षभर चाले. श्रावणात तेरडा फुलला की रंग निवडायचे. भाद्रपदात घरोघर गणपतीची माती भिजे, तेव्हा मास्तर वर्गात खाडीची माती आणत आणि पोरे तिचे साप वळून त्या सापांचा 'अ' करत. नवरात्राच्या सुमाराला भाताची लोंबी हातात देऊन दाणे मोजायला लावत. चैत्रात सावरीची बोंडे फुटली की प्रत्येकाने कापसाचा एक तुरा फुंकरीने वर ठेवायचा. जो सर्वांत जास्त वेळ ठेवील, त्याची कविता सर्वांत शेवटपर्यंत ऐकू येते, असे त्यांचे म्हणणे होते.

चुका मात्र माझ्याकडून फार झाल्या. एकदा माती मिळाली नाही, म्हणून मी घरून तांदळाचे पीठ नेले आणि त्याची अक्षरे करायला दिली. पोरांनी अख्खी बाराखडी खाऊन टाकली. दुसऱ्या खेपेला मोजायला वाटाणे दिले. नाम्या नावाच्या पोराने एक वाटाणा नाकात घातला. मी घाबरून पांढराफटक पडलो. मास्तरांनी शांतपणे तपकिरीची चिमूट नाम्याच्या मोकळ्या नाकपुडीपुढे धरली आणि लगेच ती नाकपुडी दाबली. नाम्या शिंकला. वाटाणा तात्यांच्या टेबलापर्यंत गेला.

"लिहून ठेवा," मास्तर मला म्हणाले. "मोजायला द्यायची वस्तू नाकपुडीहून मोठी असावी."

मी खरेच लिहून ठेवले. ती वही अजून माझ्याजवळ आहे.

पण त्यांच्या वर्गात एक गोष्ट अशी होती की तिच्यापुढे हे सगळे वेड बरे म्हणावे. वर्गात सात मुली होत्या, बहुतेक कोळीवाड्यातल्या, आणि प्रत्येकीच्या कडेवर एकेक धाकटे भावंड असे. आया पहाटेच मासळीच्या पाट्या घेऊन बाजाराला जात. पोर सांभाळायचे काम थोरल्या मुलीचे. पोर घेऊन ये म्हटले तर मुलगी शाळेत येई. पोर आणू नको म्हटले तर दोघेही घरी. मास्तरांनी म्हटले होते, घेऊन या. हजेरीच्या वहीत ती भावंडे नव्हती. मास्तर त्यांना 'पाहुणे' म्हणत.

पौषात डिपुटीसाहेब तपासणीला येणार असल्याचे पत्र आले. हे साहेब नवे होते आणि पाच वर्षांखालचे मूल वर्गात दिसले तर बिगारीच बंद करतात, अशी त्यांची ख्याती अलिबागहून आधीच येऊन पोचली होती.

तात्या धास्तावले. "रघुनाथराव, मंगळवारी त्या सात जणींना सुट्टी द्या. एका दिवसाचा प्रश्न आहे."

"एका दिवसाचा नसतो, तात्या. नको म्हणून एकदा घरी पाठवलेली मुलगी परत येत नाही. तिला वाटतं, ती मास्तरांनाच नको होती."

"आणि वर्ग बंद झाला म्हणजे? मग चाळीसही जातील!"

मास्तर पंचांग काढून बसले. मंगळवारी सप्तमी होती. हे तात्यांनी पाहिले नाही. मास्तरांनी पाहिले, आणि सांगितले नाही.

मंगळवारी साडेदहाला डिपुटीसाहेबांचा टांगा आला. उंच माणूस, बंद गळ्याचा कोट, पायांत चकचकीत बूट. तात्यांनी त्यांना आधी चौथी दाखवली, मग तिसरी, मग पाणी दिले, मग पुन्हा चौथी दाखवली. शेवटी साहेब स्वतःच बिगारीच्या दाराशी गेले आणि पाटी वाचत उभे राहिले.

"हेडमास्तर, भरती कधी लागते?"

तात्या माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "सव्वाअकराला ओहोटी पुरी होईल, साहेब. नंतर भरती."

"तोवर मी काय वाट पाहू? चला, रस्ता दाखवा."

मी पुढे, साहेब मागे, त्यांच्यामागे देवाचे नाव घेत तात्या. नारळाच्या बागेतून आम्ही पुळणीवर उतरलो. ओल्या वाळूवर पोरे पालथी पडून बोटांनी अक्षरे काढत होती. मास्तर धोतर खोचून त्यांच्यामधून फिरत होते. "वाळूसारखी पाटी नाही, साहेब," त्यांनी नमस्कार करतच सुरुवात केली. "चुकलेलं समुद्र पुसून नेतो. मास्तरांना दिसतच नाही."

साहेबांनी एका मुलीला वाचायला सांगितले. ती चांगुणा. तिने वाळूतली तीन वाक्ये अडखळत, पण नीट वाचली. साहेब मान डोलवणार इतक्यात शेजारून मोठ्याने रडणे ऐकू आले. किनाऱ्यावर एक जुनी होडी ओढून ठेवली होती. तिच्यात जाळ्याची घडी अंथरली होती, वर शिडाचे फडके बांधून सावली केली होती, आणि आत सात पाहुणे बसले होते. एक रडत होता, दुसरा त्याचा कान चोखत होता.

"हे काय आहे?"

"पाहुणे आहेत, साहेब."

"मास्तर, पाच वर्षांखालचं मूल वर्गात नको, हा नियम आपल्याला माहीत आहे?"

"आहे ना. पण ती वर्गात कुठं आहेत? होडीत आहेत."

तात्यांनी डोळे मिटून घेतले. साहेब हसले नाहीत. चांगुणा रडणाऱ्या भावाकडे बघत होती, ते तिच्याकडे वळले. "मुली, त्या रडणाऱ्याला घरी ठेवून ये. मग अभ्यास कर."

"घरी कोन न्हाय," चांगुणा म्हणाली.

"तरी नियम तो नियम."

चांगुणा उठली. हातांची वाळू फ्रॉकला पुसली, होडीतून भावाला काढून कडेवर घेतले आणि कोळीवाड्याच्या दिशेने चालू लागली. तिने मास्तरांकडे पाहिलेसुद्धा नाही. ते पाहून दुसरी उठली. मग तिसरी. एकेक जण होडीपाशी जाऊन आपापले भावंड उचलत होती. कुणी रडत नव्हते, कुणी विचारत नव्हते. जणू हे कधीतरी होणारच होते, ते आज झाले.

मी मास्तरांकडे पाहिले. त्यांचा हात कोटाच्या खिशात काहीतरी शोधत होता, आणि काय शोधायचे ते त्यांना आठवत नव्हते.

"मास्तर, या सगळ्या निघाल्या कुठं?" साहेबांनी विचारले.

"घरी, साहेब. आपण सांगितलंत ना."

"परत कधी येतील?"

साहेब क्षणभर त्या सात पाठींकडे बघत राहिले. मग तो बंद गळ्याचा माणूस, बुटांत वाळू भरत, चक्क धावला. "ए मुलींनो! थांबा! अरे, थांबा म्हणतो ना!"

चांगुणा वळली. "मंग ह्याला कुठं ठेवू?"

"होडीत!" साहेब ओरडले. "होडीत ठेव!"

संध्याकाळी त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिले : "बिगारी वर्गाच्या खोलीची पाहणी केली. खोलीत पाच वर्षांखालील एकही मूल आढळले नाही." खाली सही. तात्यांनी तो शेरा चार वेळा वाचला आणि चारही वेळा त्यांना तो खराच वाटला. टांग्यात बसताना साहेब मास्तरांना म्हणाले, "तुमच्या या ऋतूंच्या युक्त्या लिहून पाठवा. इतर शाळांना उपयोग होईल." मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवले. "याच्या वहीत आहेत. वाटाण्यापासून सगळं."

त्या रविवारी मास्तर मला म्हणाले, "किहीमला येतोस? आक्काला सांगायचंय." त्यांना बहीण आहे हे मला त्या दिवशी कळले. मास्तर अविवाहित, शाळेमागच्या खोलीत एकटे राहत. त्यांना कुणी असेल असे आमच्यापैकी कुणाच्या मनात आले नव्हते.

आक्का ओसरीवर सुपात वाल निवडत होत्या. पांढरे केस, जाड चष्मा. भावाला पाहताच म्हणाल्या, "टोपी सरळ कर आधी. आणि हा कोण?"

"माझा विद्यार्थी. आक्का, मुली राहिल्या."

त्यांचा हात थांबला. "सातही?"

"सातही. पोरांसकट."

आक्कांनी मान हलवली आणि पुन्हा वाल निवडायला घेतले. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "याला मी कडेवर घेऊन शाळेत न्यायची. आई शेतावर. पंतोजी म्हणायचे, मुलगा आत, तू बाहेर. दोन वर्षं मी पायरीवर बसले रे. ऐकून ऐकून सगळं पाठ. पाढे तिसापर्यंत येतात मला. म्हणून दाखवू?"

"दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी एकोणतीसचा पाढा घडाघडा म्हटला. एकदाही अडखळल्या नाहीत. मग हसल्या. "पण लिहिलेलं कळत नाही. पायरीवरून फळा दिसायचा नाही."

"दर रविवारी एक अक्षर घेतो आम्ही," मास्तर म्हणाले. वर्गात त्यांचा आवाज तीन घरांपलीकडे जाई, आता मला पुढे वाकून ऐकावे लागले. "रोजच्या कामात ती विसरते. मग पुन्हा घेतो. घाई नाही."

"आज कुठलं?" आक्कांनी पदराला हात पुसले.

मास्तरांनी सूप स्वतःपुढे ओढले. वाल एका बाजूला सारले आणि मोकळ्या जागेत एकेक दाणा मांडू लागले. बराच वेळ लागला. एक अक्षर झाले, दुसरे झाले, ते थांबेनात. चार अक्षरे झाली तेव्हा त्यांनी सूप बहिणीकडे फिरवले.

"हे काय आहे?"

"तुझं नाव. गोदावरी."

आक्का सुपावर वाकल्या. पहिल्या दाण्यापासून शेवटच्या दाण्यापर्यंत त्यांनी बोट फिरवत नेले, दाणा न हलवता. शेवटाला पोचल्यावर पुन्हा सुरुवातीला आल्या. मग त्यांनी चष्मा वर करून भावाकडे पाहिले.

"अगोबाई," त्या म्हणाल्या, "एवढी लांब आहे मी?"